आपले पांढरे वाघ आणि वॉशिंग्टनचे पंडा





सहामाही परीक्षेत सहावीच्या मुलांना ‘मी पाहिलेले प्राणिसंग्रहालय’ हा निबंध होता. वर्गशिक्षिकेने काही वह्या मला वाचायला आणून दिल्या. जवळजवळ प्रत्येक वहीत फूलबागेतल्या आपल्या चिडियाघराचे आणि तिथल्या पांढऱ्या वाघाचे वर्णन होते. दोन मुलांनी ‘पांढरा सिंह’ लिहिले होते. त्यात त्यांचा फारसा दोष नाही. आपल्या गावात हिंदीत त्याला ‘सफेद शेर’च म्हणतात, आणि शेर म्हणजे सिंह असे मराठीच्या तासाला शिकवले जाते. तो आहे वाघच. अंगावर पट्टे असतील तो वाघ, एवढे लक्षात ठेवले म्हणजे गोंधळ होणार नाही.

पण एका वहीने मला थांबवले. त्या मुलीने लिहिले होते की पांढरे वाघ ही वाघांची दुर्मीळ जात आहे, ती नष्ट होत आली होती, आणि चिडियाघरांनी ती वाचवली. पुढे तिने एक प्रश्न विचारला होता. ‘मी टीव्हीवर पाहिले की अमेरिकेत जन्मलेली पंडाची पिल्ले मोठी झाली की त्यांना परत चीनला पाठवतात, म्हणजे ती जात वाढेल. मग आपल्या वाघाच्या पिल्लांना जंगलात का पाठवत नाहीत?’

निबंधाला दहापैकी आठ गुण मिळाले होते. ‘दुर्मीळ जात वाचवली’ या वाक्याखाली शिक्षिकेने बरोबरची खूण केली होती. ती खूण पाहून मी ओशाळले, कारण हे वाक्य मुलांना मीच सांगितलेले होते. वन्यजीव सप्ताहात प्रार्थनेच्या वेळी मी दर वर्षी हेच सांगत आले. ते चूक आहे. त्या मुलीला तिच्या प्रश्नाचे उत्तर मिळायला हवे आणि माझी चूकही दुरुस्त व्हायला हवी, म्हणून हा लेख.

पंडाचे कुटुंब

आधी पंडाविषयी. हे पंडा म्हणजे मथुरा-प्रयागचे पंडे नव्हेत! हा चीनच्या डोंगरातला काळ्या-पांढऱ्या रंगाचा अस्वलाच्या कुळातला प्राणी. त्याचे जवळजवळ सगळे जेवण बांबूचे. बांबूत सत्त्व कमी, म्हणून तो दिवसाचा निम्मा वेळ खातच बसलेला असतो. पूर्ण वाढलेल्या मादीचे वजन शंभर किलोच्या आसपास, आणि तिचे नवजात पिल्लू मात्र जेमतेम शंभर ग्रॅमचे! आपल्याकडच्या लोण्याच्या लहान पाकिटाएवढे. मादीला वर्षातून एकदाच, दोन-तीन दिवस गर्भधारणेची संधी असते. अशा प्राण्याचा वंश वाढवणे किती कठीण, हे यावरून कळेल.

१९७२ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन चीनला जाऊन आले, आणि त्याच वर्षी चीनने लिंग लिंग व शिंग शिंग ही पंडाची जोडी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयाला भेट दिली. या जोडीला पाच पिल्ले झाली, पण एकही काही दिवसांपलीकडे जगले नाही. डिसेंबर २००० मध्ये तिथे दुसरी जोडी आली, मादी मेई श्यांग आणि नर तिआन तिआन. या वेळी मात्र भेट नव्हती, करार होता. पंडा ठरावीक वर्षांसाठी मिळणार, त्याबद्दल अमेरिकेने दर वर्षी मोठी रक्कम द्यायची, आणि जन्मणारे प्रत्येक पिल्लू चीनचेच राहणार. साधारण चार वर्षांचे होईपर्यंत ते परत पाठवायचे.

९ जुलै २००५ रोजी या जोडीला ताई शान हा मुलगा झाला आणि तो जगला. मग २०१३ मध्ये बाओ बाओ ही मुलगी, २०१५ मध्ये बेई बेई हा मुलगा आणि २०२० मध्ये श्याओ ची जी. या शेवटच्याच्या वेळी आईचे वय बावीस होते. पंडाच्या हिशेबाने हे म्हातारपण. म्हणून त्याचे नाव ठेवले ‘छोटा चमत्कार’. मधल्या काळात, २०१२ मध्ये, एक पिल्लू सहा दिवसांचे होऊन गेलेही. ताई शान, बाओ बाओ आणि बेई बेई एकेक करून चीनला परतली. प्रत्येक वेळी निरोप द्यायला वॉशिंग्टनची मुले येत आणि डोळे पुसत घरी जात. ८ नोव्हेंबर २०२३ रोजी आई, वडील आणि धाकटा मुलगा, तिघेही परत गेले. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, दोन नवे पंडा वॉशिंग्टनला पोहोचले. त्यातला बाओ ली हा बाओ बाओचा मुलगा, म्हणजे मेई श्यांगचा नातू. आजोळी आलेला नातूच म्हणा ना!

आता ही पिल्ले परत का नेतात? कारण पिंजऱ्यात राहणाऱ्या सगळ्या पंडांची एक वंशनोंदवही असते. कोणाचे आईवडील कोण, आजी-आजोबा कोण, हे तीत लिहिलेले असते, आणि ती पाहूनच कोणाची जोडी कोणाशी लावायची ते ठरते. आपल्या मंडळींना हे समजावून सांगायला नको. आपल्याकडे वधू-वर सूचक मंडळात पहिल्यांदा गोत्र विचारतात, तसेच हे. जवळच्या नात्यात जोड्या लागत राहिल्या तर आईवडील दोघांकडे लपलेला तोच दोष पिल्लात एकत्र येतो आणि उघडा पडतो.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. परत गेलेली सगळी पिल्ले जंगलात सोडतात असे नाही. बहुतेक पंडा तिथल्या प्रजनन केंद्रातच राहतात. पिंजऱ्यात जन्मलेला पहिला पंडा २००६ साली जंगलात सोडला, तो वर्षभरात मेला. त्यानंतर चिनी तज्ज्ञांनी पद्धत बदलली. पिल्लू आईजवळच, मोठ्या रानातल्या कुंपणात वाढवायचे, आणि जवळ जाणाऱ्या माणसांनी पंडाचा वेष घालायचा, म्हणजे पिल्लाला माणसाची सवय लागणार नाही. या रीतीने वाढलेला ताओ ताओ २०१२ मध्ये सोडला आणि तो तग धरून राहिला. आजवर असे मोजकेच पंडा सोडले आहेत. खरे काम झाले ते जंगल राखल्यामुळे. २०१५ साली जाहीर झालेल्या गणनेत चीनच्या रानात १८६४ पंडा होते. २०१६ मध्ये त्यांचे नाव ‘संकटग्रस्त’ यादीतून एक पायरी खाली, कमी धोक्याच्या यादीत, आले.

आपल्या वाघांचे घराणे

आता आपल्या वाघांकडे येऊ. वॉशिंग्टनचा धागा इथे पुन्हा येणार आहे.

मे १९५१ मध्ये रीवा संस्थानच्या जंगलात शिकार झाली. तीत एक वाघीण मारली गेली. तिचे सुमारे नऊ महिन्यांचे पांढरे पिल्लू जिवंत सापडले. महाराजा मार्तंडसिंह यांनी ते गोविंदगढच्या महालात ठेवले आणि त्याचे नाव ठेवले मोहन. आज जगातल्या प्राणिसंग्रहालयांतले बहुतेक पांढरे वाघ कोणत्या ना कोणत्या पिढीने या मोहनपर्यंत पोहोचतात.

मोहनची जोडी प्रथम बेगम नावाच्या नेहमीच्या पिवळ्या वाघिणीशी लावली. तीन वेळा पिल्ले झाली, पण सगळी पिवळी! मग मोहनची जोडी त्याच्या स्वतःच्या मुलीशी, राधाशी, लावली गेली. ३० ऑक्टोबर १९५८ रोजी राधाला चार पिल्ले झाली आणि चारही पांढरी. राजा, राणी, मोहिनी आणि सुकेशी.

असे का झाले, ते आठवी-नववीच्या मुलांनी नीट समजून घ्यावे. प्रत्येक पिल्लाला रंगाच्या दोन चिठ्ठ्या मिळतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. ‘पिवळा’ चिठ्ठी जोरदार असते. ती एक जरी असली तरी पिल्लू पिवळेच होते. दोन्ही चिठ्ठ्या ‘पांढरा’ असतील तरच पिल्लू पांढरे. मोहनकडे दोन्ही पांढऱ्या होत्या, बेगमकडे दोन्ही पिवळ्या. म्हणून त्यांच्या प्रत्येक पिल्लाला एक पिवळी व एक पांढरी चिठ्ठी मिळाली. सगळी पिल्ले दिसायला पिवळी, पण पोटात पांढरी चिठ्ठी लपलेली. राधा त्यातलीच. मोहन आणि राधा एकत्र आल्यावर प्रत्येक पिल्लू पांढरे होण्याची शक्यता निम्मी झाली. पहिल्याच वेताला चारही पांढरी निघाली, हा योगायोग. पुढे राजा व राणी, सख्खे भाऊबहीण, यांची जोडी दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात लागली. दोघांकडे पांढऱ्याच चिठ्ठ्या, तेव्हा पिल्ले पांढरी होणारच.

आपल्या ग्वाल्हेरलाही हे प्रत्यक्ष दिसले आहे. २०२२ साली इथल्या मीरा नावाच्या पांढऱ्या वाघिणीला एकाच वेताला पांढरे आणि पिवळे अशी दोन्ही रंगांची पिल्ले झाली. आई पांढरी, म्हणजे ती फक्त पांढरी चिठ्ठी देऊ शकते. मग पिल्लांच्या वडिलांकडे कोणत्या दोन चिठ्ठ्या असल्या पाहिजेत? नववीच्या मुलांनी कागदावर मांडून पाहावे आणि उत्तर विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवावे.

यावरून पहिली गोष्ट स्पष्ट होते. पांढरा वाघ ही वेगळी जात नाही. पिवळ्या आईच्या पोटी तो जन्मतो आणि त्याच्या पोटी पिवळे पिल्लू जन्मते. २०१३ मध्ये चीनच्या शास्त्रज्ञांनी वाघांच्या वंशद्रव्याचा अभ्यास करून दाखवले की एका जनुकातला एकच लहानसा बदल पिवळ्या रंगाला अटकाव करतो. काळा रंग राहतो, म्हणून पट्टे दिसतात. आपल्याकडे एखाद्या घरात सगळे काळ्या डोळ्यांचे आणि एकच मूल घाऱ्या डोळ्यांचे असते. त्याला आपण वेगळी जात म्हणतो का?

एकाच बागेत दोन कुटुंबे

आता तो वॉशिंग्टनचा धागा. राधाची मुलगी मोहिनी डिसेंबर १९६० मध्ये विमानाने अमेरिकेला गेली. अमेरिकेच्या मुलांसाठी भेट म्हणून ती राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्याकडे सोपवण्यात आली आणि वॉशिंग्टनच्या त्याच राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात राहू लागली. बारा वर्षांनी तिथे लिंग लिंग व शिंग शिंग हे पंडा आले. १९७९ मध्ये मोहिनी वारली. म्हणजे सात वर्षे आपल्या विंध्याची वाघीण आणि चीनचे पंडा एकाच बागेत राहत होते, आणि एकाच रांगेतली मुले आधी हिला आणि मग त्यांना पाहत होती.

पण त्या दोन कुटुंबांचे पुढे काय झाले ते पाहा. मोहिनीला अमेरिकेत नवरा मिळाला सॅमसन. तो मोहन आणि बेगम यांचा मुलगा. म्हणजे एका नात्याने मोहिनीचा सावत्र भाऊ, दुसऱ्या नात्याने तिचा सख्खा मामा. त्यांचा मुलगा रमण. पुढे मोहिनीची जोडी याच रमणशी, म्हणजे स्वतःच्या मुलाशी, लावली गेली आणि १९६९ मध्ये रेवती जन्मली. रेवतीची वंशावळ काढायला बसलो तर कागदावर तीच तीच नावे फिरून येतात. आई आणि आजी एकच!

हे सारे एवढ्यासाठी, की पिल्लू पांढरे व्हावे. पांढरा वाघ पाहायला गर्दी होते आणि तिकिटे खपतात. याचा भोग मात्र वाघांना भोगावा लागतो. पांढऱ्या वाघांत तिरळेपणा पुष्कळ आढळतो, कारण डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसांची जोडणीच वेगळी होते. काहींमध्ये पाठीला बाक, फाटलेली टाळू असे दोषही दिसले आहेत. बाहेरचे रक्त मिसळण्याचे प्रयत्न झाले, नाही असे नाही. आणि सगळेच पांढरे वाघ आजारी असतात असेही नाही. पण मूळ कल्पनाच उलटी. पंडाच्या नोंदवहीत नाते जवळचे निघाले की जोडी मोडतात. पांढऱ्या वाघांच्या बाबतीत नाते जवळचे असेल तरच जोडी लावली गेली. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांच्या संघाने २०११ मध्ये आपल्या सदस्यांना मुद्दाम पांढरे वाघ पैदा करण्यास मनाई केली, ती यामुळेच.

मग पिल्ले जंगलात का नाही?

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. पहिले कारण, पिंजऱ्यात वाढलेल्या वाघाला शिकार येत नाही आणि माणसाची भीती वाटत नाही. असा वाघ भूक लागली की गावात शिरतो, आणि त्यात गावकऱ्यांचाही जीव जातो, वाघाचाही. आपल्या ग्वाल्हेर संस्थानाला हा धडा शंभर वर्षांपूर्वीच मिळाला आहे. माधवराव महाराजांनी आफ्रिकेतून सिंह मागवून श्योपूरच्या जंगलात सोडले होते. ते गुरांवर आणि पुढे माणसांवर हल्ले करू लागले आणि तो प्रयोग सोडून द्यावा लागला.

दुसरे कारण, जवळच्या नात्यातून आलेल्या वाघांचे रक्त रानातल्या निरोगी वाघांत मिसळणे शहाणपणाचे नाही.

तिसरे कारण सर्वांत मोठे. रानाला त्यांची गरज नाही. रानाला वाघ हवे आहेत, पांढरेच हवेत असे नाही. २०२२ च्या गणनेत देशात सुमारे ३६८२ वाघ मोजले गेले, त्यात ७८५ आपल्या मध्य प्रदेशात, सर्व राज्यांत अधिक. २००६ साली देशभरात ते १४११ होते. हे सर्व वाघ जंगल राखल्यामुळे वाढले.

आणि पिंजऱ्यातून रानात जाण्याचे उदाहरण हवे असेल तर तेही आपल्याच राज्यात आहे. पन्नाच्या जंगलात एकही वाघ उरला नव्हता. २००९ पासून तिथे दुसऱ्या जंगलांतून वाघ आणले. त्यात २०११ मध्ये सोडलेल्या दोन बहिणी होत्या. त्या आईविना पोरक्या झालेल्या, कान्हामध्ये माणसांनी कुंपणात वाढवलेल्या. पण वाढवताना त्यांना शिकार करू दिली आणि माणसापासून दूर ठेवले. त्या पन्नात रमल्या आणि त्यांना पिल्ले झाली. चीनने ताओ ताओच्या बाबतीत केले, तेच हे. फरक एवढाच की त्या दोघी पिवळ्या होत्या, म्हणून त्यांना पाहायला गर्दी झाली नाही. वर्तमानपत्रांत त्यांना नावेही नव्हती, नुसते टी-४ आणि टी-५ हे क्रमांक होते.

यंदाची सहल

हे सर्व वाचून काही पालक विचारतील, मग मुलांना चिडियाघरात न्यायचेच कशाला? मी म्हणते, अवश्य न्यावे. फूलबाग आणि हे प्राणिसंग्रहालय ही १९२२ सालची, माधवराव महाराजांच्या काळची देणगी आहे. याच महाराजांनी १९२० मध्ये वाघाच्या शिकारीवर मार्गदर्शक पुस्तक लिहिले होते! त्या काळी त्यात कोणाला विसंगती वाटली नाही. आज शिकार हा गुन्हा आहे. शंभर वर्षांत आपली समज एवढी बदलली, तशी पांढऱ्या वाघाविषयीचीही बदलू शकते. तिथले सेवक उन्हाळ्यात वाघांना थंडावा आणि हिवाळ्यात ऊब मिळावी म्हणून खपतात, ते मुलांनी पाहावे. जे वाघ आज तिथे आहेत त्यांचा तर काहीच अपराध नाही. त्यांच्यावर आपले प्रेम असावे. पण प्रेमापोटी खोटी समजूत बाळगू नये.

म्हणून यंदा सहलीच्या वेळी मुलांनी वहीत पुढील नोंदी कराव्यात :

१. प्रत्येक पिंजऱ्यापुढचा फलक वाचून तो प्राणी रानात कुठे राहतो ते लिहावे.
२. कोणता प्राणी रानात कमी होत चालला आहे आणि कोणता नाही, याच्या दोन याद्या कराव्यात.
३. एका प्राण्यासमोर पूर्ण दहा मिनिटे शांत उभे राहून तो काय काय करतो ते लिहावे.
४. आरडाओरडा करू नये, काचेवर किंवा जाळीवर थापा मारू नयेत, शेंगदाणे-गजक प्राण्यांना टाकू नये. ते आपणच खावे.

विश्वस्त मंडळाला माझी एक विनंती आहे. शिवपुरीच्या माधव राष्ट्रीय उद्यानात १० मार्च २०२३ रोजी वाघ पुन्हा सोडले गेले, आणि मार्च २०२५ मध्ये ते देशातले ५८ वे व्याघ्र प्रकल्प झाले. आपल्या शाळेपासून ते दोन-अडीच तासांच्या वाटेवर आहे. आठवी आणि नववीच्या मुलांना वर्षातून एकदा तिथे नेण्यासाठी बसखर्चाची तरतूद व्हावी. तिथे वाघ दिसेलच असे नाही. बहुधा दिसणार नाही. मुले हिरमुसून परत येतील, पण वाघाचे घर केवढे मोठे असते हे त्यांना कळेल, आणि ते पिंजऱ्यासमोर उभे राहून कळत नाही.

राहिली ती वही. तिच्यातल्या त्या वाक्याखालची खूण मी खोडली आहे आणि बाजूला लिहिले आहे, ‘ही चूक तुझी नाही, माझी.’ गुण मात्र आठाचे नऊ केले आहेत, शेवटच्या प्रश्नासाठी.



आपली,
प्राचार्या